हात सैल, गाडी सरळ

उलव्यातल्या माणसाच्या दारात एमएच-०६ क्रमांकाची पिकअप उभी असेल तर तिचं वय विचारावं लागत नाही. पनवेलला स्वतःचा ४६ क्रमांक मिळण्याआधी इथल्या गाड्यांची नोंद पेणला व्हायची, तेव्हाची ती. सिडकोच्या सेक्टरांत इमारती उठत होत्या तेव्हा तिने विटा आणल्या, मग फरशा आणल्या, माणसं राहायला आली तेव्हा त्यांची कपाटं नि गाद्या आणल्या. आता ती पाण्याचे जार पोचवते. भाद्रपदाच्या आधी पेणहून गणपती आणायलाही तीच जाते. समोरची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी फोडून तिचा दगड विमानतळाच्या भरावात गेला, ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडू लागली. तोवर डंपरांनी उखडलेले रस्ते आणि खाडीकाठचा खारा चिखल या गाडीच्या पुढच्या चाकांनी सोसला. अशा गाडीचं स्टीअरिंग एका दिवसात बिघडत नाही, एका जागी बिघडत नाही. म्हणूनच ते दुरुस्त करणं हे माझ्या मते गॅरेजमधलं सगळ्यांत रसाळ काम. इंजिनाचं काम मोठं असतं, पण मोडलेली वस्तू उघडल्यावर बहुतेकदा हातात येते. स्टीअरिंगमध्ये काही मोडलेलं नसतं. प्रत्येक सांध्याने थोडं थोडं सोडून दिलेलं असतं.

गव्हाण फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, पत्र्याच्या शेडमध्ये झालेलं असं एक काम मी सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहिलं. गाडी जुन्या घडणीची: पुढे सरळ अ‍ॅक्सल, त्यावर पाटे, किंगपिनवर वळणारी चाकं, पॉवर स्टीअरिंग नाही. या घडणीचं मूळ जीपमध्ये आहे. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली, आणि आपल्याकडच्या मालवाहू गाड्यांच्या कित्येक पिढ्यांनी तिचा सरळ अ‍ॅक्सल नि पाटे उचलले. पॉवर स्टीअरिंग नसल्याचा एक मोठा गुण असा, की रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट हातापर्यंत येते. चालवणाऱ्याला त्रास होतो, पण तपासणाऱ्याला सगळं ऐकू येतं.

मालक गव्हाणचा. त्याने तक्रार सांगितली ती अशी: “रिकामी असली का रस्त्याव फिरते, मामा. खड्ड्यान गेली का स्टेरिंग थडथडते. वलन घेतला का परत येत नाय.”

मिस्त्रींनी गाडीला हातही लावला नव्हता. त्यांनी एकच शब्द विचारला. “भरल्यावर?”

“भरल्याव बरी चालते.”

मिस्त्री ‘हं’ म्हणाले आणि टायरकडे वळले. हा प्रश्न आणि हे उत्तर लक्षात ठेवावं. सगळ्या कामाचा अर्थ त्यात आहे, पण तो उलगडायला संध्याकाळ झाली.

मालक आताच का आला, तेही सांगण्यासारखं आहे. गावातल्या रस्त्यावर तीसच्या वेगात गाडी थोडी इकडेतिकडे गेली तर हात आपोआप सांभाळून घेतो. पण १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. २१.८ किलोमीटर लांब, त्यातला साडेसोळा समुद्रावर. आता शिवडीला जाणारी भाडी मिळू लागली, नि साठ-सत्तरच्या वेगात, बाजूचा वारा खात, इतका वेळ सरळ जायची वेळ या गाडीवर आयुष्यात पहिल्यांदा आली. सरळ रस्ता स्टीअरिंगचे सगळे दोष उघडे करतो.

टायर वाचणं हा पहिला भाग. मिस्त्रींनी तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवला, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने हात गुळगुळीत गेला, उलट दिशेने नक्षीच्या कडांची धार लागली. याचा अर्थ चाक सरळ न गडगडता थोडं घासत जातंय: टो, म्हणजे पुढच्या दोन चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, चुकलेली आहे. डाव्या टायरचा आतला खांदा बाहेरच्यापेक्षा जास्त खाल्लेला होता, म्हणजे चाक उभं राहत नाही, कलतं. मध्येमध्ये खोलगट चट्टे होते. सैल बेअरिंग, थकलेला शॉकअप किंवा बिघडलेलं बॅलन्सिंग यांची ती खूण. मग हवेचा काटा लावला. दोन चाकांतल्या हवेत फरक होता, तो आधी भरून काढला. हवा न बघता स्टीअरिंगचं निदान करायला बसणारा मिस्त्री मला आवडत नाही. गाडी डावीकडे ओढते म्हणून अर्धा अ‍ॅक्सल उघडायचा आणि शेवटी व्हॉल्व्हमधून हवा जातेय असं निघायचं, यात गिऱ्हाइकाचा दिवस जातो. शिवाय आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्याकडून कडेला उतरता असतो. गाडी किंचित डावीकडे झुकणं हा कित्येकदा रस्त्याचा गुण असतो, गाडीचा दोष नसतो.

यानंतरचा प्रसंग या कामातला सगळ्यांत सुंदर. मिस्त्री गाडीखाली शिरले. हाताखालच्या पोराला केबिनमध्ये बसवून सांगितलं, “स्टेरिंग फिरवायचं नाही, नुसतं हलवत राहायचं, डावी-उजवी, डावी-उजवी.” चाकं जमिनीवर, गाडीचा भार तसाच. स्टीअरिंगच्या चाकापासून रस्त्यापर्यंत हालचाल एका साखळीने जाते: कॉलम, स्टीअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, मग टाय रॉड, दोन टोकांचे बॉल जॉइंट, चाकाचा नकल. मिस्त्रींनी प्रत्येक सांध्यावर बोटं अशी ठेवली की एक बोट सांध्याच्या एका भागावर नि दुसरं दुसऱ्या भागावर येईल. दोन्ही भाग एकदम हलले तर सांधा शाबूत. एक आधी हलला आणि दुसरा उशिरा, तर मधल्या क्षणात तिथे हालचाल हरवतेय. डोळ्यांना तो फरक दिसतही नाही, बोटांना कळतो. ड्रॅग लिंकच्या पुढच्या टोकाशी बोटं थांबली. मला खाली बोलावून त्यांनी माझा हात तिथे ठेवला. रबराची टोपी फाटलेली होती आणि आतलं ग्रीस खाऱ्या पाण्याने तांबूस लगदा झालं होतं. पोराने स्टीअरिंग हलवलं की आधी ड्रॅग लिंकचं टोक सरकायचं, मग बारीक टक्‌ असा ठोका पडायचा, आणि मगच नकलचा आर्म निघायचा. तो ठोका कानाने ऐकू आला नाही, तो माझ्या बोटाच्या पेरात पडला.

मिस्त्री पुढे सरकले आणि स्टीअरिंग बॉक्सवर हात ठेवून बराच वेळ गप्प राहिले. बॉक्स चॅसीवर घट्ट होता, बोल्ट हलत नव्हते. पण वरच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूवर पान्याचे ताजे ओरखडे होते. आधी कुणीतरी स्टीअरिंगचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, काढायला तो स्क्रू आवळला होता.

हा स्क्रू आवळणं म्हणजे तंबोऱ्याच्या तीन तारा उतरलेल्या असताना चौथीचीच खुंटी पिळत राहणं. बॉक्समधले दाते मुळातच असे कापलेले असतात की गाडी सरळ असताना, म्हणजे मध्यावर, ते सगळ्यांत जवळ बसतात आणि दोन्ही टोकांना मोकळे होतात. गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ जाण्यात जातं, म्हणून झीज मध्यावर होते. आता मध्यावरची झीज स्क्रूने भरून काढली की न झिजलेल्या बाजूंचे दाते एकमेकांवर चढतात. प्ले कमी झालेला वाटतो, मालक खूश होतो, पण वळणानंतर स्टीअरिंग परत येत नाही, कारण बॉक्सनेच ते धरून ठेवलेलं असतं. “वलन घेतला का परत येत नाय” याचं निम्मं उत्तर इथे होतं. मिस्त्रींनी लॉकनट सैल करून स्क्रू मागे घेतला. म्हणजे दुरुस्तीची पहिली पायरी अशी, की गाडीचा प्ले आधी होता त्याहून वाढला. इतकं धैर्य मी फार थोड्या कारागिरांत पाहिलंय.

पुढचं चाक उचललं. एक हात टायरच्या माथ्यावर, एक पायथ्याशी, आणि आळीपाळीने ढकल-ओढ. चाक खळखळलं. आता ही खळखळ बेअरिंगची की किंगपिनची? मिस्त्रींनी पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितला. ब्रेक दाबला की चाक नि नकल एकजीव होतात, मधलं बेअरिंग हिशेबातून बाद होतं. खळखळ थांबली तर दोष बेअरिंगचा. थांबली नाही तर किंगपिनचा. उजव्या चाकाची थांबली. तिथे बेअरिंग नीट बसवून भागलं. डाव्याची ब्रेक दाबूनही तशीच. एकही पुर्जा न उघडता, एका पायाच्या दाबाने दोन आजार वेगळे झाले. एवढा स्वस्त आणि एवढा निर्णायक पुरावा दुसऱ्या कुठल्या कामात मिळतो, मला माहीत नाही. आतला खांदा खाल्लेला टायर डावाच होता, तोही हिशेब जुळला.

खड्ड्यानंतरची थडथड इथून येत होती. सैल किंगपिनवर चाकाला डावी-उजवी डुलायला जागा मिळते. एका खड्ड्याचा धक्का त्याला सुरुवात करून देतो, मग बिघडलेलं बॅलन्सिंग आणि सैल सांधा ते डुलणं वाढवत नेतात, आणि वेग उतरल्याशिवाय ते थांबत नाही. पुष्कळ ठिकाणी यावर स्टीअरिंग डॅम्पर लावून देतात. थडथड दबते, सैलपणा आत वाढत राहतो. मला हा उपाय पटत नाही.

ड्रॅग लिंकचा जॉइंट सोडवताना दोन हातोडे निघाले. जॉइंटचा दांडा निमुळता असतो आणि आर्मच्या तशाच निमुळत्या भोकात रुतून बसतो. उतावळा माणूस नट काढून दांड्याच्या आट्यांवर घाव घालतो. आटे चेचतात आणि जॉइंट जागचा हलत नाही. मिस्त्रींनी एक जड हातोडा आर्मच्या डोळ्याला एका बाजूने टेकवला आणि समोरच्या बाजूने दुसऱ्याने घाव घातला. डोळा क्षणभर चेपला जाऊन त्याचा गोल बदलतो, तेवढ्यात निमुळत्या दांड्याची पकड सुटते. दुसऱ्या घावाला जॉइंट खाली पडला. डोळ्यावर खूणही नव्हती.

किंगपिन मात्र रडवणारा निघाला. तो अ‍ॅक्सलच्या भोकात गंजून बसला होता. गॅसने तापवून, थांबून, पुन्हा तापवून काढावा लागला. नवे बुश ठोकले आणि नकल लेथवाल्याकडे रीमरला गेला. बुश ठोकताना किंचित आवळतो, म्हणून पिन थेट जात नाही. रीमरने आतून बारीक खरवडत मापावर आणावा लागतो. माप कसं कळतं? तेल लावलेला पिन अंगठ्याच्या दाबाने सरकला पाहिजे, पण आपल्या वजनाने घसरून पडता कामा नये. हे वाक्य मिस्त्रींनी लेथवाल्याला फोनवर सांगितलं, मिलिमीटरचा उल्लेख न करता, आणि पिन बरोबर तसाच आला.

ग्रीस भरताना गाडी जॅकवरच ठेवली होती. चाकावर भार असताना पंप मारला तर ग्रीस बाजूने निघून जातं. जिथे सगळं वजन टेकतं त्या थ्रस्ट बेअरिंगच्या फटीत शिरतच नाही. भार उचलला की फट उघडते. निपलमधून मारलेलं नवं ग्रीस दुसऱ्या टोकाने जुनी काळी घाण ढकलत बाहेर आलं तेव्हाच पंप थांबला.

मग कॅसल नट आणि स्प्लिट पिन. नट ठरलेल्या जोराने आवळला आणि खाच भोकासमोर आली नाही, तर काय करायचं? नट पुढे आवळायचा, पुढची खाच भोकासमोर येईपर्यंत. मागे कधीच घ्यायचा नाही. मागे घेतलेला नट निमुळत्या दांड्याची बैठक सैल करतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८वा नियम मी या निमित्ताने पुन्हा वाचला. स्टीअरिंगला ३० अंशांपेक्षा जास्त मोकळीक नको, बॉल जॉइंटना रबराच्या टोप्या हव्यात, बोल्ट आणि पिना निसटणार नाहीत अशा अडकवलेल्या हव्यात, असं तो सांगतो. सरकारी मजकुरात फाटक्या रबरी टोपीची दखल असावी याचं मला फार कौतुक वाटलं. लिहिणाऱ्याने कधीतरी गाडीखाली जाऊन पाहिलेलं आहे. ३० अंश ही मर्यादा मात्र सैल आहे; घड्याळाचा मोठा काटा पाच मिनिटांत जेवढा सरकतो तेवढं स्टीअरिंग फिरून चाकाला काहीच कळू नये, अशी गाडी सेतूवर नेऊ नये.

टोचं काम दोरी आणि खडूने झालं. चाक उचलून फिरवत नक्षीच्या मधोमध खिळ्याने एक रेघ ओढली, दोन्ही चाकांवर. मग गाडी खाली घेऊन, पुढेमागे ढकलून बसवली आणि हबच्या उंचीवर पुढचं अंतर नि मागचं अंतर मोजलं. पुढचं किंचित कमी हवं. विलिस जीपला ते साधारण एक ते अडीच मिलिमीटर कमी ठेवत असत. टाय रॉड फिरवून ते साधलं. वळताना आतलं चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचं मोठ्यावर चालतं, म्हणून दोन्ही चाकांनी वेगवेगळ्या कोनात वळावं ही कल्पना म्यूनिकच्या गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर या बग्ग्या बांधणाऱ्याची. तिचं लंडनमधलं पेटंट १८१८ साली रुडॉल्फ आकरमान या चित्रं आणि पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशकाने घेतलं, आणि नाव प्रकाशकाचंच राहिलं. नकलचे आर्म तिरके का असतात याचं कारण तिथे आहे.

इथवर थांबणारे मिस्त्री पुष्कळ. सांधे घट्ट, टो बरोबर, गाडी द्या. आमचे मिस्त्री मात्र “भरल्यावर?” या प्रश्नाकडे परतले.

मालकाच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आधीच्या अलाइनमेंटचा छापील कागद होता. त्यावर टोचा आकडा हिरवा होता, सुधारलेला. कॅस्टरचे दोन्ही आकडे लाल होते, आणि त्यांना कुणी हात लावला नव्हता. सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीला कॅस्टर बदलायचा बोल्टच नसतो, म्हणून तो आकडा छापला जातो आणि सोडला जातो. पण गाडी सरळ चालण्याचं खरं सौंदर्य त्याच आकड्यात आहे. किंगपिनची रेषा वरच्या टोकाला थोडी मागे झुकलेली असते, तो झुकाव म्हणजे कॅस्टर. ती खाली रस्त्यापर्यंत वाढवली तर टायर जिथे जमिनीला टेकतो त्याच्या जरा पुढे पडते. म्हणजे टायर आपल्या वळण्याच्या बिंदूच्या मागून ओढला जातो, आणि ओढली जाणारी वस्तू आपोआप ओढणाऱ्याच्या मागे, सरळ रेषेत येते. सायकल हात सोडून चालवता येते त्यामागेही पुढच्या चाकाच्या या मागे राहण्याचा मोठा वाटा आहे. विलिस जीपला हा कोन ३ अंशांचा. एवढ्याशा कलण्यावर चालकाचे खांदे दिवसभर मोकळे राहतात.

या गाडीत तो कोन गेला कुठे? मिस्त्रींनी मला मागे नेलं आणि पाटे दाखवले. दोन पाटे कंपनीचे नव्हते. विटांच्या दिवसांत मालकाने वाढवून घेतलेले. त्यामुळे रिकामी गाडी मागून उंच राहते. मागून उंच म्हणजे सगळी चॅसी नाकावर झुकते, पुढचा अ‍ॅक्सल तिच्याबरोबर पुढे कलतो, आणि किंगपिनचं मागे झुकणं संपतं. चाकाला मध्यावर यायचं काही कारणच उरत नाही, म्हणून गाडी रस्त्यावर फिरते. माल भरला की मागचं बसतं, झुकाव परत येतो, गाडी बरी चालते. मालकाने सकाळी सांगितलेल्या तीन शब्दांत हे सगळं होतं, आणि मिस्त्रींनी ते तेव्हाच ऐकलं होतं. तरी आधी सांधे, मग किंगपिन, मग टो, आणि शेवटी हे. सैल सांध्यांच्या गाडीवर कॅस्टर मोजून उपयोग नसतो. आकडा येईल, पण चाक त्या आकड्यावर राहणार नाही.

उपाय दोन होते. पुढच्या अ‍ॅक्सलवर, पाट्याखाली, लोखंडी पाचर बसवायची, जाड बाजू मागे. त्याने रिकाम्या गाडीचा कोन सुधारतो, पण भरल्यावर तो जास्त होऊन स्टीअरिंग जड लागतं. दुसरा, मागचे वाढवलेले पाटे काढायचे. मिस्त्रींनी दोन्ही सांगितले आणि एवढंच विचारलं, “विटा अजून भरता का?” मालकाने मान हलवली. उलव्यातल्या विटांचं काम आता मोठ्या गाड्यांकडे गेलंय. याच्याकडे जार आणि घरसामान. एक पाटा काढला, एक ठेवला. अँगल मीटर लावला तेव्हा कोन पुरेसा परतला होता, पाचर लागलीच नाही. मला हाच उपाय जास्त आवडला. पाचरीने दोषाला दोष जोडला गेला असता. पाटा काढल्यावर गाडी तिच्या आजच्या कामाच्या मापाची झाली.

चाचणी आधी सेक्टरच्या रुंद रस्त्यावर, रस्त्याच्या उताराच्या दोन्ही बाजूंनी, मग आम्र मार्गाच्या सरळ पट्ट्यावर. वळणातून बाहेर पडताना मिस्त्रींनी पकड सैल केली. स्टीअरिंग तळव्यांमधून सरकत मध्यावर आलं आणि थांबलं. मालक शेजारी बसून ते चाकच बघत होता. खड्डा आला, एक धक्का हातात आला, पण दुसरा नाही. बॉक्समधला झिजलेला मध्य अजून होता. स्टीअरिंगला दोन बोटांचा प्ले राहिला. मिस्त्रींनी तो मालकाला दाखवला आणि सांगितलं की हा आता बॉक्स उघडेपर्यंत राहील, स्क्रूला कुणाला हात लावू देऊ नका.

शेडमध्ये परतल्यावर हिशेब झाला, जुने पुर्जे गोणपाटात बांधून मालकाला दिले. निघताना मिस्त्रींनी खिडकीशी येऊन बजावलं: पाचशे किलोमीटर झाले की मागचे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला या, पाटे बसले की ते सैल पडतात, पैसे लागणार नाहीत.